मधला माणूस कशाला?

(लोहारा तालुक्यातील एका गावी महिला सभेपुढे तेथील शाळेच्या शिक्षकाने केलेले भाषण)



जोतीराव फुल्यांनी ता. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापिला, तेव्हा त्यांचे सांगणे अगदी सोपे होते: देव आणि माणूस ह्यांच्यामध्ये दलाल नको. हे सांगणे आपण फार तर लग्नकार्यापुरते लक्षात ठेवतो. पण दलाल काय केवळ देवळातच बसतो? तो कचेरीच्या पायरीवर बसतो, मोंढ्यात बसतो, आणि कित्येकदा आपल्याच ओसरीवर बसून बाईच्या वतीने बोलतो.

ह्यावर उपाय शिकण्यास लांब जावयास नको. ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि किल्लारी व सास्तूर ही नावे साऱ्या जगास कळली. हजारो माणसे मेली. ती भूकंपाने मेली असे म्हणतात. खरे पाहता ती दगडमातीच्या भिंतींखाली व माळवदाच्या ओझ्याखाली मेली. जी गावे जमीनदोस्त झाली ती नव्या जागी वसली. परंतु शेकडो गावांत घरे तडकलेली, तरी उभी होती. ती मजबूत करण्यास सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून योजना काढली. पैसा हप्त्याहप्त्याने यावयाचा आणि काम घरच्यांनीच करून घ्यावयाचे.

आता ज्याने जन्मात कचेरी पाहिली नाही, त्याला हे समजावणार कोण? मधला माणूस शिरावयाचा तो अशाच वेळी. म्हणून स्वयं शिक्षण प्रयोग ह्या संस्थेच्या प्रेमा गोपालन (ह्या बाई २०२२ साली वारल्या) व त्यांच्या सोबत्यांनी गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकाच पुढे केल्या. त्यांस ‘संवाद सहायक’ म्हणत. भिंत कशी बांधून घ्यावी, माळवदाचा भार का उतरवावा, हप्ता कसा मिळतो, हे त्या घरोघर सांगत. सांगणारी शेजारीण होती, म्हणून घरात ऐकले गेले.

२००१ साली कच्छात भूकंप झाला, तेव्हा ह्याच भागातल्या बायका तिकडे धावल्या. बोली निराळी, पण पडलेल्या घराचे दुःख एकच. पुढे बचत गट झाले, आणि दुष्काळाच्या तडाख्यातून एक एकराची शेती निघाली: घरच्या रानातला एक एकर बाईने मागून घ्यावा, त्यात धान्य, डाळी, भाजीपाला करावा, आधी घर खाईल, मग बाजार. २०१७ साली संस्थेस संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

येथवर उत्तम. पण मी विचारतो, तो एक एकर कोणाच्या नावाचा? खुरपणी बाईची, काढणी बाईची, आणि सातबारा नवऱ्याचा किंवा सासऱ्याचा. कर्जापायी कर्त्याने जीव दिला की तीच बाई तलाठ्यापुढे उभी राहते, आणि कागद म्हणतो, ही शेतकरी नव्हे. आपल्या जिल्ह्यास हे दुःख निराळे सांगावयास नको. लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ सालची आहे. नवऱ्याने संमती दिली तर बायकोचे नाव सातबाऱ्यावर लागते. अडले आहे ते संमतीपाशी. तेव्हा मागे उभ्या असलेल्या पुरुष मंडळींनो, जोतीरावांची तसबीर भिंतीवर लावणे सोपे आहे. सावित्रीचे नाव सातबाऱ्यावर लावा, मग आम्ही तुम्हांस सत्यशोधक म्हणू.

भगिनींनो, तुम्हांस तीनच गोष्टी सांगतो. गट करताना आळीआळीचा वेगळा करू नका. जात पाहून गट पाडाल तर वरच्या आळीचा अर्ज ऐकला जाईल आणि वस्तीचा पडून राहील. दुसरे, ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी असे कायदाच सांगतो. ती कागदावर होऊ देऊ नका. तिसरे, ठराव लिहिला की तो मोठ्याने वाचून घ्या आणि मगच सही करा.

ज्यांस वाचता येत नाही त्यांनी लाजू नये. दिवेलागणीनंतर शाळा उघडी असते. पहिला धडा सातबाऱ्याचाच घेऊ.