खुलताबादच्या कबरी आणि इतिहासाचा तास

माध्यमिक शाळेत इतिहासाची शतके भराभर मागे पडतात. मुलांकडे सनावळ्या उरतात, कारणे नाहीत. मराठवाड्यातल्या खुलताबादचेच घ्या. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब, 1626 मध्ये वारलेला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, 1707 मध्ये अहमदनगरजवळ मरण पावलेला औरंगजेब, 1748 मध्ये बुऱ्हाणपूरला वारलेला पहिला निजाम आसफजाह, हे सारे इथेच का दफन झाले, हा एक प्रश्न आठवडाभर धरला, तर सूफी परंपरा, निजामशाही, मोगल आणि हैदराबाद संस्थान यांचे धागे जुळू लागतात. ‘अभ्यासक्रम मागे पडेल, कालक्रम सुटेल,’ ही शिक्षकांची धास्ती खरी आहे. परीक्षा सगळ्या धड्यांवर असते. म्हणून कालपट हवाच. पण तो थोडक्यात मांडून वर्षातून दोन प्रश्न तरी मुळापर्यंत न्यावेत. खुलताबादच्या मुलांना त्यासाठी सहलही लागत नाही. पुरावा गावातच उभा आहे.