मतांगीकारातील ‘मी’

(संस्थेच्या महोत्सवानिमित्त नल्लकुंटा येथे दिलेले भाषण)



ख्रिस्ती मंडळींतील मतांगीकार हा विषय एका मुसलमान शिक्षकाने मांडावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु शेजाऱ्याच्या सणात आपण सामील होतो, त्याच्या घरचा फराळ खातो, आणि तो नेमके काय मानतो हे मात्र कधी विचारीत नाही. ते त्याच्या कबुलीवरूनच कळते.

ख्रिस्ती उपासनेत सर्वजण उभे राहून जी कबुली म्हणतात तीच मतांगीकार. तिची दोन रूपे प्रसिद्ध आहेत. पहिले प्रेषितांच्या नावाने ओळखले जाते. बारा प्रेषितांनी एकेक वाक्य सांगितले ही जुनी आख्यायिका आहे. विद्वान ती इतिहास मानीत नाहीत. त्याचे मूळ रोम येथील बाप्तिस्म्यात आहे. पाण्यात उभ्या असलेल्या उमेदवारास पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांविषयी तीन प्रश्न विचारीत, आणि तो प्रत्येक वेळी आपला विश्वास सांगे. म्हणजे मतांगीकार हे आधी पाठांतर नव्हते, उत्तर होते.

दुसरे रूप निकेयाचे. इ. स. ३२५ मध्ये तेथे धर्मपरिषद भरली. ख्रिस्त हा निर्मिलेला की पित्याशी एकतत्त्व, हा वाद होता. परिषदेने दुसऱ्या पक्षाचा कौल दिला. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी त्याचे आजचे विस्तृत रूप जोडले जाते. पुढे पश्चिमेकडे त्यात ‘आणि पुत्रापासून’ अशा अर्थाची भर पडली, आणि पूर्व व पश्चिम यांच्या दुराव्यास ते एक कारण झाले. एका पदाची किंमत एवढी असते!

मुसलमानास यात ओळखीचे काय? एकच देव, तोच निर्माता, हे ओळखीचे. कुमारी मरियमेच्या पोटी येशूचा जन्म झाला, हेही कुराणात आहे. तेथे एका अध्यायाला तिचेच नाव आहे. परंतु येशू देवाचा पुत्र आणि त्याचा वधस्तंभावरील मृत्यू, या दोन ठिकाणी आमची वाट वेगळी होते. हा भेद गोड बोलून झाकू नये. शब्दांतही तो दिसतो. मराठी ख्रिस्ती ‘प्रेषित’ म्हणतो तेव्हा येशूने पाठविलेले शिष्य त्याच्या मनात असतात. मराठी मुसलमान तोच शब्द पैगंबरांसाठी वापरतो. शब्द एक, अर्थ दोन. म्हणून भांडण्यापूर्वी अर्थ विचारावा.

मात्र एक गोष्ट दोहींकडे समान आहे. आमचा कलमा-ए-शहादत ‘मी साक्ष देतो’ असे म्हणतो. प्रेषितांचा मतांगीकारही ‘मी’नेच आरंभतो. म्हणणारे शेकडो असले, तरी प्रत्येकाने आपल्यापुरतेच म्हणावयाचे. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलाच्या वतीने वडीलधारे बोलतात. पण तो कळता झाल्यावर दृढीकरणाच्या वेळी ती कबुली त्यालाच करावी लागते.

या ‘मी’चे मोल पंडिता रमाबाईंनी जाणले होते. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्याच्या सिद्धांतावरून सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. ज्यांनी धर्माची दीक्षा दिली, ज्यांच्या आश्रयाला त्या परदेशात राहिल्या, त्यांनाही आपल्या सदसद्विवेकाची मालकी त्यांनी दिली नाही. ख्रिस्त सोडला नाही, आणि न पटलेले पटले असेही म्हटले नाही. कबुली म्हणजे काय, हे यावरून समजावे.

मंडळ्या एकत्र येताना हीच कसोटी लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंघ मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत बालकांना बाप्तिस्मा देणारे होते, तसेच विश्वास स्वतः सांगणाऱ्यालाच तो द्यावा असे मानणारेही होते. दोन्ही प्रथांना जागा ठेवली गेली. दोन्ही मतांगीकार मान्य झाले. आपल्या दक्षिणेतही १९४७ मध्ये निरनिराळ्या परंपरा चर्च ऑफ साउथ इंडियात अशाच एकत्र आल्या.

बंधुभगिनींनो, जी कबुली ‘मी’ने सुरू होते ती दुसऱ्याकडून धाकाने किंवा लोभाने वदवता येत नाही, वदवली तर ती त्याची राहत नाही. ज्याने मनापासून केली त्याची थट्टा करण्याचाही कोणास अधिकार नाही. ख्रिस्ती मित्राच्या लग्नाला किंवा अंत्यविधीला मंदिरात गेलात आणि मंडळी मतांगीकारास उभी राहिली, तर अदबीने उभे राहा. जे मानीत नाही ते म्हणू नका. जे ते मानतात ते नीट ऐका. एवढे साधले, तर शेजारधर्म निभावला असे मी समजेन.