स्वादुपिंड आणि रक्तातील साखर



शरीरशास्त्राच्या पाठात हृदय, जठर, यकृत यांची ओळख आपण मुलांस सविस्तर करून देतो. स्वादुपिंडाचे मात्र नुसते नाव घेऊन पुढे जातो. जठराच्या मागे आडवे असलेले हे इंद्रिय वीतभरही लांब नाही. पाचक रस आतड्यात सोडणे हे त्याचे एक काम. दुसरे काम त्यातील पेशींच्या बारीक पुंजक्यांकडे आहे. पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ साली त्यांचे वर्णन केले.

प्रौढ माणसाच्या सुमारे पाच लिटर रक्तात उपाशीपोटी साखर असते ती अवघी चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा! भाकरी खाल्ली की तिच्यातील पिष्टाची साखर होऊन रक्तात उतरते. तत्काळ या पुंजक्यांतून इन्सुलिन स्रवते. स्नायू साखर आत घेतात, उरलेली यकृत साठविते. रात्री पोट रिकामे झाले की त्याच पुंजक्यांतील ग्लुकागॉन हा दुसरा स्राव यकृताकडून साठा सोडवितो. मुलांस सांगताना कणगीचा दाखला द्यावा: सुगीत भरावयाची, नडीला काढावयाची.

काही मुलांत शरीराची संरक्षक यंत्रणाच इन्सुलिन करणाऱ्या पेशींचा नाश करते. हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही, की संसर्गाने पसरत नाही. साखर रक्तात साचते आणि लघवीवाटे पाणी ओढून नेते. असे मूल सारखे पाणी पिते, खाऊनही वाळते, घटकेघटकेला बाहेर जाण्याची परवानगी मागते. आणि आपण त्यास चुकार ठरवून बाकावर उभे करतो! त्याच्या पालकांस त्याच दिवशी बोलावून दवाखान्यात पाठवावे. ओकाऱ्या, धाप वा गुंगी असेल तर क्षणभरही थांबू नये. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे चौदा वर्षांच्या लेनर्ड टॉमसनला इन्सुलिन टोचले गेले, तोवर अशा मुलांस मृत्यू टळत नसे. आज टळतो, पण रोग वेळीच ओळखला पाहिजे.

इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर उलट फार उतरूही शकते, विशेषतः जेवण चुकले वा खेळ फार झाला तर. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसताच दोन-तीन चमचे साखर पाण्यातून पाजावी. पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. साखरेचा डबा शाळेच्या कपाटात, हाताशी येईल असा असावा. त्याच्या खर्चासाठी आमच्या मंजुरीची वाट पाहत बसू नये.