सोऱ्याची आग
(भाषणाचा मजकूर)



हैदराबादच्या सुलतान बाजारापासून जवळच असलेल्या बोगुलकुंटा भागात, दिवाळीच्या तोंडावर, २७ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री फटाक्यांच्या एका दुकानास आग लागली. ती शेजारच्या उपाहारगृहापर्यंत पोहोचली, वाहने जळाली, एक महिला जखमी झाली. दुकानाकडे परवाना नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. परवान्याच्या अटी म्हणजे निव्वळ कागदी जाच, असा पुष्कळांचा समज आहे. या अटींमागे काय आहे, ते सोऱ्यालाच विचारावयास हवे.

फटाक्याच्या जुन्या दारूत सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, गंधक आणि कोळसा असतो. सोरा स्वतः जळत नाही. तो ३३४ अंश सेल्सिअसला वितळतो. सुमारे ४०० अंशांपुढे त्याचे विघटन होऊ लागते. प्राणवायू बाहेर पडतो आणि मागे नायट्राइट उरते. दारूतील गंधक मात्र ११५ अंशांच्या आसपासच वितळते, त्यामुळे मिश्रण सोऱ्याच्या त्या ४०० अंशांची वाट पाहत बसत नाही. उदबत्तीचे निखारलेले टोक त्यास पुरते. शिवाय जळण्यास लागणारा प्राणवायू दारूच्या पोटातच असल्याने ही आग घोंगडी टाकून गुदमरत नाही. तिला प्रारंभीच भरपूर पाणी हवे.

अमोनियम नायट्रेटची तऱ्हा निराळी. ते १७० अंशांजवळ वितळते आणि २१० च्या सुमारास त्याचे विघटन सुरू होते. जपून तापविल्यास त्यापासून वाफ व भूल देण्याचा नायट्रस ऑक्साइड वायू मिळतो. कोंडलेल्या जागी आगीत सापडल्यास भयंकर स्फोट होतो. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूत बंदरात २,७५० टन साठा असाच उडाला आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर चेन्नईजवळ कित्येक वर्षे पडून असलेला सुमारे ६९७ टन साठा त्याच महिन्यात हैदराबादकडे हलविण्यास सुरुवात झाली. आपल्याकडे २०१२ चे अमोनियम नायट्रेट नियम आहेत. परंतु बैरूतची वार्ता येईपर्यंत तो साठा तेथून हलला नव्हता, हेही येथे नमूद करावयास हवे.

याच क्षाराचे भावंड अमोनियम नायट्राइट. ते साठ-सत्तर अंशांतच फुटते. वैशाखात तापलेला पत्रा तेवढा गरम होतो. शिक्षकांनी प्रयोगशाळेत हे दोन क्षार एकमेकांच्या जागी कधीही वापरू नयेत, आणि नावातील ‘ट’ व ‘इट’ हा भेद मुलांकडून फळ्यावर लिहवून घ्यावा.