हयातीचा दाखला

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात विजय दिनानिमित्त १६ डिसेंबरला ज्येष्ठ नागरिकांच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



सेक्रेटरी साहेबांनी मला ‘१९७१ च्या युद्धावर दोन शब्द’ बोलायला सांगितले. मी फौजी नाही. चौतीस वर्षे बँकेत खातेवह्या तपासल्या. ७१ साली मी वर्ध्यात बी.कॉम. शिकत होतो, आणि आमचे युद्ध म्हणजे पानठेल्यावरचा रेडिओ. ढाक्याला शरणागती झाली, ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी ताब्यात आले, ही बातमी ऐकून गावात पेढे वाटले गेले. तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. आपलेही लोक तिकडे कैदेत होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आज मला त्यांच्याबद्दल बोलायचे आहे.

नोकरीत काही वर्षे माझी बदली पुलगावला होती. पुलगाव म्हणजे दारूगोळ्याचा डेपो, त्यामुळे शाखेत फौजी पेन्शनर पुष्कळ. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी त्यांची रांग लागे. एक म्हातारे हवालदार दरवर्षी हटकून म्हणायचे, “साहेब, मी तुमच्यासमोर जित्ता उभा हाय ना, मंग कागद कायले पाह्यजे?” मी म्हणायचो, “बाबा, तुम्ही जिवंत आहात हे मला दिसते, पण सरकारला कागद लागतो.” ते हसायचे आणि अंगठा लावायचे.

हा कागदाचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता एका मराठी माणसाची गोष्ट सांगतो. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, आपल्या हवाई दलाचे वैमानिक. १९६५ च्या युद्धात हाताला गोळी लागूनही विमान परत घेऊन आलेला हा गडी. १० डिसेंबर १९७१ ला त्यांचे सुखोई-७ विमान पाडले गेले आणि ते कैदी झाले. रावळपिंडीच्या छावणीत त्यांच्यासारखे आणखी भारतीय वैमानिक होते. १६ डिसेंबरला युद्ध संपल्यातच जमा झाले, पण या मंडळींची सुटका काही होईना. इकडे सिमला करार झाला, तरी तिकडे कुलूप तसेच.

परुळकरांनी युद्धाआधीच सांगून ठेवले होते म्हणे, की पकडलो गेलो तर पळून येईन. त्यांच्याबरोबर दोघे तयार झाले, मालविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. जिनिव्हा करारानुसार कैद्याला थोडाफार भत्ता द्यावा लागतो, त्यातले पैसे साठवले. पठाणी कपडे मिळवले. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केले. खोलीच्या भिंतीच्या विटा एकेक करून सैल केल्या. मुहूर्त काढला १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्रीचा, कारण दुसऱ्या दिवशी पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन, पहारेकरी सुट्टीच्या रंगात असणार. भिंतीतून तिघे बाहेर पडले, रस्त्यावरच्या गर्दीत मिसळले, बसने पेशावर गाठले आणि पुढे जमरूदवरून लंडीकोतलला पोचले. अफगाणिस्तानची सीमा आता फक्त चार मैलांवर! आपल्या वर्ध्याहून सेवाग्राम आश्रम आहे, त्यापेक्षाही कमी अंतर.

आणि तिथे घात झाला. तिघांनी वाट विचारली ‘लंडीखाना’ स्टेशनची. त्यांच्या नकाशात ते स्टेशन होते, पण तिथली रेल्वे १९३२ सालीच बंद झालेली! चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या गावी कोण निघालेय, असा संशय आला आणि त्यांना तहसीलदारापुढे उभे केले. आम्ही पाकिस्तानी हवाई दलातले ख्रिस्ती कर्मचारी आहोत, अशी बतावणी त्यांनी केली. पण त्या मुलखात हेर समजून गोळी घातली असती तर विचारणारे कोण होते? तेव्हा परुळकरांनी डोके चालवले. पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला फोन लावा म्हणाले. ते एडीसी म्हणजे स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद, पूर्वी त्यांच्याच छावणीचे प्रमुख. कैद्यांशी माणुसकीने वागलेला माणूस. फोनवर त्यांनी ओळखले आणि या लोकांना सांभाळा, असे सांगितले. तिघांचे प्राण वाचले ते शत्रूच्या एका अधिकाऱ्यामुळे.

परत कैद, एकांतवास, मग लायलपूरचा तुरुंग, ज्याला आज फैसलाबाद म्हणतात. १ डिसेंबर १९७२ ला वाघा सीमेवरून आपले युद्धकैदी परतले, त्यात हे तिघेही होते. परुळकरांना पुढे विशिष्ट सेवा पदक मिळाले. ग्रुप कॅप्टन म्हणून ते निवृत्त झाले आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात वारले.

आता गंमत पाहा. एवढी मोठी गोष्ट, पण तिच्यावरचे ‘फोर माइल्स टू फ्रीडम’ हे पुस्तक आले २०१३ साली, म्हणजे चाळीस वर्षांनी. तेही लिहिले फेथ जॉन्स्टन या कॅनडातल्या बाईंनी, या मंडळींशी बोलून. सिनेमा निघाला २०१९ मध्ये. त्याच छावणीत असलेले विंग कमांडर धीरेंद्र जफा यांनी मात्र स्वतः लेखणी धरली. ‘डेथ वॉजन्ट पेनफुल’ हे त्यांचे पुस्तक.

उतारवयात या माणसांना ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. पुस्तके खपवून बंगले बांधायचे होते का? सत्तरी-पंच्याहत्तरीत माणसाला मुलाखती द्यायला, लोकांपुढे उभे राहून तेच तेच सांगायला हौस वाटत नाही हो. गुडघे दुखतात, नावे आठवत नाहीत. आमच्या वयाच्या लोकांना मी वेगळे काय सांगू! तरी ते सांगतात. त्याचे मला समजलेले कारण सांगतो.

फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे हे दुसरे मराठी नाव. ५ डिसेंबर १९७१ ला त्यांचेही सुखोई विमान पाकिस्तानात पडले. पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे तिकडच्या एका वृत्तपत्राने छापली, त्यात तांबे या नावाशी जुळणारे एक नाव होते. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून सगळे परतले, तांबे परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेले. त्यांनी पुढचे सगळे आयुष्य नवऱ्याचा शोध घेण्यात घातले. अशी एकूण ५४ नावे आहेत. आमच्याकडे कोणी नाही, हे पाकिस्तानचे उत्तर. २००७ मध्ये काही नातेवाईक तिकडच्या तुरुंगांतून फिरून आले. हाती काही लागले नाही.

बँकेतल्या माणसाला ही गोष्ट जरा जास्त लागते. एखादा खातेदार बेपत्ता झाला, तर सात वर्षे त्याची खबर नसल्यावर कायदा त्याला मृत धरू देतो. आम्ही तसे क्लेम मंजूर केलेले आहेत. फाइल बंद करताना समोर बसलेल्या बाईचे तोंड बघवत नसे. कागदाने खाते बंद होते, वाट पाहणे बंद होत नाही. माझ्या हवालदाराला दरवर्षी जिवंत असल्याचा कागद द्यावा लागे. या ५४ जणांचा ना हयातीचा दाखला, ना मृत्यूचा.

म्हणून कैदेतून परतलेल्याचे सांगणे मोलाचे. छावणीत कोण होते, कोणाला कुठे नेले, शेजारच्या कोठडीत कोणाचा आवाज यायचा, हे दुसरा कोण सांगणार? त्यांनी लिहिलेले प्रत्येक पान हे सोबत्यांसाठी दिलेली साक्ष आहे. आणि त्याच साक्षीत उस्मान हमीदसारख्याचे नावही येते, म्हणजे शत्रूच्या चांगुलपणाचीही नोंद राहते. टीव्हीवरच्या आरडाओरड्यात ती कुठून सापडणार?

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. बी विंगमध्ये दोन माजी सैनिक आहेत, डेपोतून निवृत्त झालेलेही काही जण आहेत. बाकीचे आम्ही मास्तर, कारकून, रेल्वेवाले. सगळ्यांनीच काहीतरी पाहिले आहे. तेव्हा मागे बसलेल्या मुलांनो, तुमच्या हातात मोबाइल आहेच. त्यातले रेकॉर्डिंगचे बटण दाबा आणि आजोबांसमोर ठेवा. “आजोबा, तेव्हा काय झालं होतं?” एवढेच विचारा. ते आधी “जाऊ दे रे” म्हणतील. तुम्ही उठू नका, बसून राहा. आणि आजीलाही विचारा, कारण वाट पाहणाऱ्यांची गोष्ट तर अजून कोणीच पुरती लिहिलेली नाही.

जे लिहून निघेल ते सोसायटीच्या वाचनालयात ठेवू. कपाटाचा खर्च मी देतो, हे अध्यक्षांसमोर जाहीर करतो, म्हणजे मला नंतर फिरता यायचे नाही!

 जय हिंद.