फातिमाची एक ओळ
(वार्षिक समारंभातील भाषण)



इल्मविषयी बोलताना वक्ते बहुधा मोठमोठ्या ग्रंथांची नावे घेतात. मी एका घरगुती पत्रातील एका ओळीविषयी बोलणार आहे.

१० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई फुले यांनी माहेराहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्या दुखण्यातून नुकत्याच उठत होत्या. महार-मांगांसाठी तुम्ही नवराबायको जे करता ते कुळाला बट्टा लावणारे आहे, असे भावाने म्हटले व बाईंनी त्याला चांगलेच खडसावले, ही हकीकत त्यात आहे. त्याच पत्रात त्या लिहितात की, माझ्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. बस्स, इतकेच.

पण या इतक्याशा मजकुरात किती आहे पाहा! जात-धर्माच्या भिंती ओलांडून चाललेल्या कामात एक मुसलमान स्त्री आहे. कामाचा भार तिच्यावर टाकता येतो, एवढा तिच्यावर विश्वास आहे. आणि हे कोणी सभेत टाळ्यांसाठी सांगितलेले नाही. एक पत्नी पतीला सहज लिहून गेली आहे. म्हणूनच त्या साक्षीला वजन आहे.

फातिमा शेख व त्यांचे बंधू उस्मान यांनी फुले दांपत्याला घरात आसरा दिला, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकतो. ती आपली आठवण आहे. २०२५ च्या जानेवारीत मात्र एका पत्रकाराने जाहीर करून टाकले की, फातिमा शेख हे काल्पनिक पात्र असून ते मीच रचले! आपली काही तरुण मुले खवळली. खवळण्याचे कारणच नव्हते. डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले सावित्रीबाईंचे समग्र वाङ्मय १९८८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने छापले; त्यात हे पत्र आहे. वाद करणाऱ्यापुढे ते पान उघडून ठेवावे. घोषणा देण्याची गरज पडत नाही, दगड तर नाहीच नाही.

आता दुसरी बाजू. त्या ओळीत फातिमाची जन्मतारीख नाही, शिक्षण कोठे झाले ते नाही. तरीही आपण जयंतीच्या फलकांवर तारखा रंगवतो, भाषणांत प्रसंग रंगवतो. हे थांबवले पाहिजे. एक खोटी तारीख सापडली की विरोधक खरी ओळही खोटी ठरवतो. हदीस गोळा करणाऱ्या आलिमांनी हे कोणाकडून ऐकले, त्याने कोणाकडून, अशी साखळी तपासल्याशिवाय शब्द स्वीकारला नाही. सूरह बकरहमध्ये तर साध्या उधारीचा व्यवहारही लिहून ठेवण्याची व लिहिणाराने न्यायाने लिहिण्याची आज्ञा आहे. ज्यांच्या घरी ही शिकवण, त्यांच्याच घरी कागद रद्दीत जावेत?

मला बोचते ते हे. फातिमाची जी साक्ष उरली, ती सावित्रीबाईंच्या पत्रात. लहानग्या जोतीबांना पुन्हा शाळेत घाला, असा त्यांच्या वडिलांपाशी आग्रह धरणारे शेजारी मुन्शी गफ्फार बेग. तेही आपल्याला भेटतात जोतीरावांच्या चरित्रात. दुसऱ्यांनी जपले म्हणून आपले उरले.

तेव्हा पालकांनो, घरातली पत्र्याची पेटी उघडा. आजीचा शाळेचा दाखला, इनामाची सनद, वक्फाचे कागद, मशिदीच्या दुरुस्तीचा वर्गणीहिशेब, काहीही चालेल. मोडी वाचता येत नाही म्हणून फेकू नका, वाचणारे आहेत. विद्यार्थ्यांपैकी दोघा-चौघांनी मोडी आणि फारसी शिकायला घ्यावी, नोकरीच्या मार्कांसाठी नव्हे. जुना कागद प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका, त्याने तो कायमचा बिघडतो. सुती कापडात कोरडा ठेवा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहा, आजी हयात आहे तोवर तिलाच विचारून. जे तिला आठवत नाही, ती जागा कोरी सोडा.