घारापुरी : उजेडाच्या शेजारी अंधारात राहिलेले गाव

(चाकण परिसरातील कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)

चाकण, म्हाळुंगे, निघोजे येथील कारखान्यांत तयार झालेला माल कंटेनरमध्ये भरला जातो, द्रुतगती मार्गाने घाट उतरतो आणि न्हावा-शेवा बंदरात जहाजावर चढतो. हे बंदर १९८९ साली सुरू झाले. त्याच्या समोरच्याच पाण्यात घारापुरी नावाचे बेट आहे. जग त्याला एलिफंटा म्हणून ओळखते. पोर्तुगीजांना तेथे दगडाचा एक प्रचंड हत्ती दिसला, त्यावरून त्यांनी हे नाव दिले. तो हत्तीही आता बेटावर नाही. इंग्रजी अमदानीत त्याला उचलून नेण्याचा खटाटोप झाला, त्यात तो भंगला, आणि आज तो भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात उभा आहे.

घारापुरीच्या लेण्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्रिमूर्तीच्या शिल्पाची छायाचित्रे घरोघर पोहोचली आहेत, आणि १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. परंतु या बेटावर लेण्यांखेरीज माणसेही राहतात, ही गोष्ट लाँचमधून उतरून पायऱ्या चढणाऱ्या प्रवाशाच्या सहसा ध्यानात येत नाही. शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वाड्यांचे हे गाव रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडते. लोकवस्ती हजार-बाराशेच्या घरातली. गावाला स्वतःची ग्रामपंचायत आहे. पूर्वापार व्यवसाय भातशेती आणि मासेमारी; आता बहुतेक घरांची चूल प्रवाशांवर पेटते. कोणी शहाळी आणि काकड्या विकतो, कोणी माळा आणि दगडी मूर्तींचे दुकान मांडतो, कोणी खानावळ चालवतो, तर कोणी थकल्या प्रवाशाला डोलीत बसवून शंभरावर पायऱ्या खांद्यावरून चढवतो.

या गावाची कहाणी म्हणजे विजेची कहाणी आहे. गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरी सुमारे दहा किलोमीटरवर आहे. रात्री तेथील किनाऱ्यावर उभे राहिले की एका अंगाला मुंबईचा झगमगाट दिसतो आणि दुसऱ्या अंगाला बंदराच्या क्रेनवरचे दिवे. या दोन उजेडांच्या मधोमध घारापुरी अंधारात होती. पर्यटन महामंडळाच्या डिझेल जनित्रावर संध्याकाळचे तीन-साडेतीन तास दिवे लागत, आणि ते बंद झाले की पुन्हा कंदील. अखेर २२ फेब्रुवारी २०१८ रोजी समुद्राच्या तळाशी टाकलेल्या साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलमधून बेटावर वीज आली. तिन्ही वाड्यांत रोहित्रे बसली, घरोघर मीटर लागले. कामास सुमारे पंचवीस कोटी रुपये खर्च आला. स्वातंत्र्याला तेव्हा सत्तर वर्षे उलटून गेली होती.

एवढा विलंब का झाला, असे विचारले की ठराविक उत्तर मिळते : बेट आहे, मध्ये समुद्र आहे, काम अवघड आणि खर्चाचे. हे उत्तर तपासून पाहिले पाहिजे. घारापुरीच्या शेजारीच जवाहर द्वीप नावाचे दुसरे बेट आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यास, तुर्भ्याचे तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहत असताना, त्या बेटावर तेलाचे धक्के बांधण्यात आले आणि तेथून कारखान्यांपर्यंत समुद्राखालून नळ टाकण्यात आले. पुढे १९७४ साली बॉम्बे हाय येथे तेल सापडले आणि त्याच दशकाच्या अखेरीस दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून समुद्रतळावरच्या नळातून ते उरणच्या किनाऱ्यावर आले. १९८२पासून त्याच उरणमध्ये राज्य वीज मंडळाचे वायूवर चालणारे वीजकेंद्र सुरू झाले. म्हणजे तालुक्यात वीज निर्माण होत होती आणि त्याच तालुक्यातील एका गावात कंदील जळत होते! समुद्राखालून नळ कसा टाकावा हे या देशाला ठाऊक होते, आणि त्यासाठी पैसाही उभा राहत होता. घारापुरीच्या वाड्यांची गरज मात्र कोणाच्याही हिशेबात बसत नव्हती. हजार माणसांच्या वीजबिलातून पंचवीस कोटी कधी फिटावेत? नफ्या-तोट्याची ही पट्टी लावली की लहान गाव नेहमीच तोट्यात निघते.

वीज आल्याने पुष्कळ गोष्टी सोप्या झाल्या. मुले रात्री अभ्यास करू लागली, दुकानात शीतपेटी आली, पाण्याचा पंप चालू लागला. परंतु सगळे प्रश्न सुटले असे मानणे ही स्वतःचीच फसवणूक ठरेल. महाविद्यालयीन शिक्षणासाठी आजही पाणी ओलांडावे लागते. अडल्या बाळंतिणीला किंवा साप चावलेल्याला होडीत घालून पलीकडचा किनारा गाठावा लागतो, आणि पावसाळ्यातल्या उधाणात तो गाठता येईलच याची खात्री नसते. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी, त्यापुढे आणखी दोनशे मीटर नियंत्रण, आणि किनाऱ्यालगत सागरी नियमांचा पहारा. कुटुंबे वाढतात, पण घराला खोली जोडणे हे कचेऱ्यांचे हेलपाटे घालण्याचे काम होऊन बसते. वारसा जपलाच पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण त्याचा भार वारशाच्या कुशीत राहणाऱ्या गरिबांनीच एकट्याने का वाहावा?

लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा गावाची कमाईही बंद असते. मार्च २०२० मध्ये देशभरची स्मारके बंद झाली आणि घारापुरीच्या दुकानांना कित्येक महिने गिऱ्हाईक दिसले नाही. डिसेंबर २०२४ मध्ये घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून दहाहून अधिक माणसे दगावली. ज्या पाण्यावर शहरचा माणूस वर्षातून एखादा दिवस जातो, त्याच पाण्यावर या गावाचे रोजचे येणे-जाणे आहे. तिकिटाचे उत्पन्न पुरातत्त्व खात्याकडे जाते. ग्रामपंचायतीच्या पदरी प्रवाशांकडून घेतलेला किरकोळ कर तेवढा पडतो.

मित्रहो, हे सारे चाकणमध्ये बसून ऐकताना परके वाटू नये. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला हवे होते; ते बंद नळातून नेण्याविरुद्ध मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचे प्राण गेले. खेड तालुक्यातील भामा-आसखेडचे पाणी पुणे शहरात पोहोचले, तेव्हाही धरणग्रस्तांचा पुनर्वसनाचा झगडा चालूच होता. नळ, तार आणि रस्ता यांची दिशा ज्याच्या हाती आर्थिक सत्ता त्याच्या सोयीने ठरते. गावात समुद्र असो वा डोंगर, यात फरक पडत नाही.

परंतु उरणच्याच मातीने दुसराही धडा शिकवला आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथील शेतकरी जमिनीसाठी उभे राहिले. जासई परिसरातील गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरणासाठी १९७२पासून ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या शेतकऱ्यांनीही पुढे त्याच साडेबारा टक्क्यांची मागणी अनेक दशके लावून धरली. एका तालुक्याचे बलिदान असे दुसऱ्या तालुक्याच्या हक्काचा आधार बनते.

तेव्हा घारापुरीसाठी रुग्णाला नेणारी खात्रीची बोट, मुलांच्या शिक्षणाची सोय, तिकिटाच्या उत्पन्नात ग्रामपंचायतीचा वाटा आणि वाढत्या कुटुंबांना घरासाठी जागा, या मागण्या केवळ त्या गावाच्या मानता येणार नाहीत. कोणत्याही प्रकल्पाचा आराखडा कागदावर उतरण्यापूर्वी त्यातील लहानात लहान वाडीची गरज त्यात नोंदली गेली पाहिजे, हा आग्रह कामगार संघटनांनीही धरला पाहिजे. चाकणचा कामगार आणि घारापुरीचा डोलीवाला यांची कधी गाठ पडत नाही. पण एकाने बनवलेला माल दुसऱ्याच्या दारावरून जातो. ही ओळख वाढवणे हेच यापुढचे आपले काम आहे.